कडूबाईने सांगितलेलं वजन

आमच्या तिसगावच्या केंद्रात कॉम्प्युटर आला त्या दिवशी कडूबाईने त्याला हळदकुंकू वाहिलं. नारळही आणला होता, पण तो मी फोडू दिला नाही. म्हटलं, "यंत्राच्या पोटात पाणी गेलं तर पुण्याची माणसं माझ्या नावाने शंख करतील." ती हसली नाही. नारळ पदराखाली घेऊन माघारी गेली आणि जाता जाता दारातून कॉम्प्युटरकडे वळून बघत राहिली. परकं कुत्रं उंबऱ्यात येऊन बसलं की आपण बघतो ना, चावतंय का नाही, तसं.

शहाण्णव-सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. मी तिथे नर्स होते. मूळची मी बेलापूरची, श्रीरामपूरजवळच्या. आमचे अण्णा छप्पन्न साली बौद्ध झाले. घरात गंडा-दोरा, लिंबू-मिरची असलं काही दिसलं की ते सरळ चुलीत घालायचे आणि वर आईला चार शब्द सुनवायचे. त्यामुळे असल्या गोष्टी दिसल्या की माझं डोकं तापतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी चिडलेली दिसले तर नवल वाटायला नको.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. पुण्याची एक संस्था लहान मुलांच्या क्षयावरची औषधं पारखून बघत होती. आपल्याकडे सगळे त्याला 'प्रायमरी' म्हणतात. काही मुलांना लाल पुडी, काहींना निळी. एकीत जुनं औषध, एकीत नवं. कशात कोणतं आहे ते आम्हालाही सांगितलेलं नव्हतं, कळलं तर आम्ही नकळत पक्षपात करू म्हणून. मुलाचं वजन वाढलं म्हणजे औषध लागू पडलं आणि घटलं म्हणजे नाही पडलं, एवढा साधा हिशेब. बाजाराच्या दिवशी पोरं वजनाला यायची. बरोबर आया कमी आणि आज्याच जास्त, कारण दिवाळी झाली की आमच्याकडची तरणी माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात, ती पार उन्हाळ्यात माघारी येतात.

पोरांचं वजन करायचं काम कडूबाईचं. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापाने हिचं नाव कडू ठेवलं. कडू जिन्नस कोण तोंडात घालील? मरणानेसुद्धा थुंकून टाकावी, असा त्यामागचा विचार. आणि खरंच ती जगली, म्हणून तिचा त्या नावावर लई विश्वास. जन्मभर ऊसतोड केली, नवरा गेला, मग कंबर धरली तेव्हा कोयता सोडला. साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकली होती. पोरं तिच्याकडे रडायची नाहीत, म्हणून मीच तिला कामाला घेतलं. मुलगा काकासाहेब आणि सून पंकजा कारखान्यावर, आणि त्यांचा चार वर्षांचा अंगद हिच्याजवळ. अंगदलाही प्रायमरी झालेला. तो लाल पुडीवर होता. पावसाळा संपता संपता पहिल्यांदा आणला तेव्हा इतका हडकुळा की बरगड्या मोजून घ्याव्यात.

ओसरीच्या वाशाला काटा टांगलेला असायचा. खाली कापडाची झोळी, वर घड्याळासारखी तबकडी. कडूबाई ती तबकडी कायम भिंतीकडे तोंड करून टांगायची. मला वाटायचं, उन्हाची तिरीप नको म्हणून. ती भिंत आणि काटा यांच्यामध्ये अंग चोरून उभी राहायची, आकडा बघायची, फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहायची आणि फॉर्म उलटा घालून ठेवायची. एवढं सगळं गुपचूप.

हे फॉर्म जीपने पुण्याला जायचे आणि तिथे गठ्ठे पडून राहायचे. ते कॉम्प्युटरमध्ये भरेपर्यंत इथे पोर बरं होऊन खेळायलासुद्धा लागायचं. म्हणून पुण्यात वाद सुरू झाला, की कागद बरा का इथल्या इथेच कॉम्प्युटर बरा. शेवटी त्यांनी ठरवलं, उन्हाळ्यापर्यंत काही केंद्रं कागदावर चालवायची, काही नुसत्या कॉम्प्युटरवर, आणि मग काय ते कायमचं ठरवायचं. आमच्या वाट्याला कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर नगरचा प्रशांत आला. पोरगा गुणी, पण तोंडाळ. "आता कागद बंद म्हणजे बंद, सिस्टर," म्हणाला. "चिटोरंसुद्धा नको. नाहीतर तुलना खरी होणार नाही."

भिंतीत प्लग एकच आणि तो आतल्या खिडकीपाशी. त्यामुळे प्रशांत आत खिडकीला बसायचा, कडूबाई बाहेर ओसरीवर वजन करायची आणि आकडा ओरडून सांगायची. प्रशांत तो दाबायचा. मी दुसऱ्या खोलीत पुड्या वाटत असायचे. आठवड्याची फ्लॉपी एसटीने पुण्याला जायची आणि लगेच तिथे बघितली जायची. सगळं कसं झटपट.

संक्रांतीनंतर कधीतरी पहिल्यांदा ते यंत्र बोंबललं. टुंग करून आवाज झाला आणि पडद्यावर अक्षरं आली. प्रशांतने खिडकीतून विचारलं, "कडूबाई, अंगदचं वजन मागच्यापेक्षा कमी आलंय. मशीन विचारतंय, खात्री आहे का?"

बाहेरून उत्तर आलं, "व्हय. घाल तेच."

त्याने 'हो' दाबलं. मी मनात म्हटलं, पोराने आठवडाभर जेवण धरलं नसेल, होतं असं. पण पुढच्या बाजारालाही टुंग झालं आणि त्याच्या पुढच्यालाही. मग अंगदबरोबर आणखी दोन-तीन पोरांची वजनं घटायला लागली. प्रत्येक वेळी प्रशांत विचारायचा, "खात्री?" आणि कडूबाई म्हणायची, "व्हय." काही दिवसांनी मला तो टुंग नकोसा झाला. हातातली पुडी तशीच धरून मी वाट बघायचे, आता वाजतंय का, आता वाजतंय का. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. घटणारी झाडून सगळी पोरं लाल पुडीची होती. पुडी देणारी मी. माझ्या हाताने मी त्यांना काय खायला घालत होते?

अंगदला मी जवळ बोलावून बघायचे. गाल भरलेले, पोट वर आलेलं, तोंडाने बडबड चालू. मला म्हणायचा, "शिस्टर, पुडी लई कडू हाय, माझ्या आजीवानी." मी हसायचे आणि हसता हसता घाबरायचे. डोळ्यांना दिसतंय एक आणि काटा सांगतोय दुसरंच.

एका दुपारी पुण्याहून फोन आला. चाचणीच्या प्रमुख डॉक्टर बाई, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. आवाज शांत होता, तेच वाईट.

"सिस्टर, तुमच्या त्या अंगदचा चेहरा कसा दिसतो?"

"भरलेला आहे, बाई."

"पोट?"

"वर आलंय."

मग त्या म्हणाल्या, "वजन एवढं घटतंय आणि अंग भरलेलं दिसतंय. सिस्टर, ही सूज असणार. औषध लिव्हरला बाधलं असेल. लाल पुडी आजपासून कुणालाच देऊ नका. बाजाराच्या दिवशी जीप पाठवते. घटलेली सगळी मुलं नगरला आणा, मोठ्या दवाखान्यात. इंजेक्शनं सुरू करावी लागतील. अंगदला सगळ्यात आधी."

त्या इंजेक्शनांनी कधी कधी पोरांचे कान जातात हे मला माहीत होतं. मी फोन ठेवला आणि ओसरीवर खेळणाऱ्या अंगदला धरून त्याची नडगी अंगठ्याने दाबून बघितली. सूज असली की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. पडला नाही. पुन्हा दाबलं, तेव्हा मला वाटलं पडला. तिसऱ्यांदा दाबलं तर पोरगं खदखदून हसलं, त्याला गुदगुल्या होत होत्या. काय दिसतंय आणि काय नाही, काही कळेना. भीतीने माणसाला नको ते दिसतं.

कडूबाई खांबाला टेकून उभी होती. मी तिला सांगितलं, नगरला न्यायचंय म्हणून. तिचं तोंड पार उतरलं.

"नगरला? कशाला?"

"वजन घटतंय ना त्याचं! तुम्हीच सांगता की दर आठवड्याला!"

अंगदला कडेवर घेऊन ती घरी निघून गेली. पदर डोक्यावरून पडला होता, तो तिने सावरलासुद्धा नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळीच ओसरी गच्च भरली. कुणाच्या तोंडून बातमी फुटली कोण जाणे. आज्या पोरांना मांडीत दाबून बसल्या होत्या. लंकाबाई म्हणून एक फटकळ म्हातारी होती, ती पुढे आली. तिची नात पण लालवर.

"सिस्टर, तुमच्या पुड्यांत काय हाय ते सांगा. आमची पोरं काय उंदरं हायती व्हय?"

एरवी मी तिला दोन दिल्या असत्या. पण पुड्यांत काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं आणि तिची नात माझ्याकडे बघून हसत होती.

जीप यायला अवकाश होता. मी म्हटलं, नेण्याआधी अंगदचं वजन आपण आपल्या हाताने करावं, नगरच्या डॉक्टरांना सांगायला. कडूबाई अंगदला घेऊन काट्यापाशीच उभी होती. मी त्याला झोळीत बसवायला गेले तर तिने माझा हात धरला. कोयत्याने घट्टे पडलेला हात, मला सोडवेना.

"मी करते, बाई."

"तुम्ही बसा. मी बघते."

"न्हाई बाई. तुमी नगा बघू."

मी चिडले. हात झटकला, पोर झोळीत घातलं आणि ती भिंतीकडे वळवलेली तबकडी गर्रकन माझ्याकडे फिरवली. काटा तेरावर होता. तेरा! मागच्या बाजाराला कॉम्प्युटरमध्ये नऊ गेलेलं. मी डोळे चोळून परत बघितलं. काटा बिघडला म्हणून समोरच्या दुकानातून साखरेची बांधलेली पिशवी आणून टांगली. पिशवीचं वजन बरोब्बर आलं. काट्यात काही खोट नव्हती.

एक क्षणभर मला इतका आनंद झाला. आणि पुढच्याच क्षणी भीती वाटली. आठवड्यात चार किलो? पोर आठवड्यात चार किलो वाढत नाही. पाणी भरलं तरच असं होतं.

मी आत धावले आणि पुण्याला फोन लावला. लाइन लागली तीसुद्धा अशी की ओरडल्याशिवाय ऐकू जाईना. मी ओरडून आकडा सांगितला. मोठ्या बाईही ओरडल्या, "तेरा? मग पाणीच आहे ते! सिस्टर, जीपची वाट बघू नका, मिळेल त्या गाडीने पोराला हलवा. हातचं जाईल!"

खिडकीबाहेर सगळ्या जणी चिडीचूप. कुणीतरी हुंदका दिला. प्रशांत म्हणाला, "सिस्टर, आईशप्पथ, कडूबाई ओरडायच्या तेच मी दाबलंय. दर वेळी दोनदा विचारून दाबलंय."

मी कडूबाईकडे बघितलं. ती अंगदला पोटाशी धरून दारात उभी होती आणि माझी नजर चुकवत होती. त्यावरून मला एकदम कळलं.

फोन तसाच टेबलावर टाकून मी तिच्या पुढ्यात गेले. "कडूबाई, खरं सांगा. तुम्ही काय ओरडत होता इतके दिवस?"

ती खालच्या आवाजात बोलायला लागली. माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही, इतक्या खाली. "भरल्या पोराचं वजन कुनी चारचौघांत वरडून सांगतं का, बाई? जे वाढंना त्येचं खरं सांगत हुते. जे वाढलं त्येचं कमी. जितकं जास्त वाढलं तितकं कमी."

"आणि फॉर्मवर?"

"तिथं खरंच ल्हीत हुते. कागदाला कुठं कान हायती."

माझा संताप असा उसळला की काय सांगू. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तुमच्या त्या नजरेपायी पोराच्या ढुंगणात सुया टोचायला निघाले होते लोक! औषध लागू पडतंय तेच बंद करायला निघाले होते! मला रोज झोप नाही, अन्न जात नाही, आणि तुम्ही! मग हे काम घेतलंच कशाला?"

"म्हनूनच घेतलं," ती म्हणाली. "दुसरी कुनी असती तर खरं वरडली असती."

मग तिने सांगितलं. काकासाहेबाच्या आधी तिला एक मुलगा होता. गुटगुटीत होता. एकदा बाजारात एका व्यापाऱ्याने गंमत म्हणून त्याला धान्याच्या मोठ्या काट्यावर बसवला आणि वजन मोठ्याने सांगितलं. म्हणाला, पोत्याच्या भावाने देता का पोरगं. सगळा बाजार हसला. तीही हसली होती. पोराला ताप भरला आणि पुढचा बाजार यायच्या आत ते गेलं.

"मी हसले हुते, बाई," ती म्हणाली. "त्ये लागलं त्येला."

अण्णा असते तर म्हणाले असते, तापाने गेलं, काट्याने नव्हे. मला तेच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांत बघून मी फोनकडे वळले.

टेबलावर फोनमधून मोठ्या बाईंचा आवाज येत होता, "हॅलो, सिस्टर, निघालात का? हॅलो!" मी फोन उचलून सांगितलं, मागची वजनं खोटी आहेत, कडूबाईने नजर लागू नये म्हणून कमी सांगितली. पलीकडून त्या म्हणाल्या, "हे तुमचं मत आहे का त्यांनी स्वतः सांगितलं? सिस्टर, मी अंदाजावर मूल मरू देणार नाही. ज्यांनी वजन केलं त्यांना फोनवर द्या. एकेका वेळचं खरं वजन मला त्यांच्या तोंडून हवंय. नाहीतर हलवा त्याला."

मी फोन तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही. एकदा फोनकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. खिडकीत आज्यांची डोकी दाटली होती. "बाई, बोलले तर जाईल त्यो. न्हाई बोलले तर तिकडं न्हेतील त्येला. कसं करू मी? तुमीच सांगा, कसं करू?"

मी फक्त म्हटलं, "लाइन जाईल."

तिने अंगदला खाली ठेवलं. त्याला मागे सारून भिंतीच्या आड उभं केलं, खिडकीतून दिसणार नाही असं. फोन दोन्ही हातांनी धरला आणि आधी हळू बोलली. पलीकडून आवाज आला, "मोठ्याने बोला, काही ऐकू येत नाही!" परत बोलली. "मोठ्याने!"

आणि मग ती ओरडली. बाजारापर्यंत जाईल अशी ओरडली.

"माझ्या नातवाचं वजन सांगते! अंगदचं! संक्रांतीला अकरा हुतं! म्होरच्या बाजाराला त्येच्यावर वाढलं! शिवरातीला बारा! आज तेरा! पानी न्हाई, सूज न्हाई! खातोय, हसतोय, हागतोय, वाढतोय त्यो! तेरा किलो हाय माझा नातू! म्या लबाड बोलले, म्या! वाढलेल्या समद्या पोरांचं कमी सांगितलं!"

खिडकीत बायकांनी आपापल्या पोरांच्या तोंडावर पदर ओढून घेतले. लंकाबाई पटकन जमिनीवर थुंकली, दोनदा. कडूबाईच्या हातून फोन खाली लोंबकळला आणि ती टेबलाच्या पायापाशी बसली. ओरडून झालं होतं, पण तिचे ओठ अजून हलत होते.

मी फोन उचलला. मोठ्या बाई म्हणाल्या, "सगळ्या मुलांचं वजन आत्ता तुम्ही स्वतः करा. मी फोन धरून बसते."

केलं. तबकडी भिंतीकडेच ठेवून केलं. तेवढं मला त्या बायकांसाठी करावं लागलं. आकडे मी फोनमध्ये हळूच सांगितले. लाइन तेवढ्यापुरती बरी झाली होती म्हणून, नाहीतर माझीही पंचाईत होती. लाल पुडीची पोरं सगळ्यात जास्त वाढली होती. जीप आली ती ओसरीपुढे उभी राहिली, ड्रायव्हरने चहा घेतला आणि रिकामी परत गेली.

पुण्यात पुढे बराच खल झाला. कागद का कॉम्प्युटर? कुणी म्हणालं, कागदच बरा होता, बाई खरं लिहीत तरी होती. प्रशांत म्हणाला, वजनं कागदावर असती तर गडबड झालीही नसती आणि लाल पुडी चांगली आहे हे वर्षभर कुणाला कळलंही नसतं. शेवटी मोठ्या बाईंनीच निकाल दिला, की कॉम्प्युटर ठेवा, पण ओरडणं बंद करा, वजन करणारीनेच आकडा दाबायचा. लांब वायर आणून कॉम्प्युटर ओसरीला खेटून ठेवला. मला वाटलं होतं, कडूबाईला काढून टाकतील. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता ती खोटं सांगणार नाही." तिला आकड्यांची बटणं शिकायला वेळ लागला नाही. एका बोटाने दाबायची आणि दाबून झालं की पडद्यावर पदर धरायची.

पण मला सांगायचंय ते निराळंच. त्या फोननंतरच्या बाजाराला ती आली ती अंगदला चालवत. एरवी कायम कडेवर असायचा तो. उन्हात तापलेल्या मातीत पोरगं पाय नाचवत रडत होतं आणि ही नुसती बोट धरून.

मी म्हटलं, "अहो उचला की, भाजतंय त्याला!"

"उचलला की हाताला वजन कळतंय, बाई," ती म्हणाली. "नगं."

मग प्रशांतच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "ह्येचं नाव बदल त्यात. अंगद न्हाई आता. कडूबाळ घाल."

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत तिनेच मला सांगितलं, "अन् बाई, मला बी कडूबाई म्हनू नका आजपासून. त्ये नाव मी त्येला दिलं. एका घरात दोघांला पुरत न्हाई त्ये."

मला तिचा राग यायला हवा होता. या बाईने त्या नावाच्या आडोशाने उभा जन्म काढला होता. त्याच नावामुळे मरणाने आपल्याला थुंकून टाकलं, असं ती मानत होती. आणि आता ती उघड्यावर उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते इतकी ती घाबरलेली होती.

"मग तुमचं काय?" मी विचारलं.

"माझं काय," ती म्हणाली. "मी जगले की."

प्रशांतने नाव बदललं. यंत्र टुंग वाजलं, खात्री आहे का म्हणून. ती दचकून भिंतीला टेकली. या वेळी 'हो' मी दाबलं. दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला, हे कडूबाळ नावाचं नवीन मूल कुठून आलं? मी म्हटलं, जुनंच आहे, फक्त नाव नवीन. कारण विचारलं तर म्हटलं, घरच्यांची इच्छा. अण्णांची मुलगी मी, पण त्याहून जास्त काही माझ्याने सांगवलं नाही.

उन्हाळ्यात पंकजा आणि काकासाहेब कारखान्यावरून आले. पोराला बघून पंकजा रडायलाच लागली, एवढं सुधारलं होतं ते. "अंगद" म्हणून तिने उचललं, तर सासू म्हणाली, "खाली ठिव. अन् त्या नावानं हाक मारू नगं." पंकजाला कळेना. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिने ऐकलं आणि पोराला खाली ठेवलं.

कडूबाईला मग गावात कुणी नावाने हाक मारली नाही. मी मावशी म्हणायला लागले. एकदा घाईत, पुड्या संपल्या होत्या म्हणून, मी आतून जुन्या सवयीने ओरडले, "अहो कडू..." आणि पुढचं 'बाई' आठवण येऊन गिळलं. ती ओसरीवर काट्यापाशी उभी होती. जागची हलली नाही, मानसुद्धा वळवली नाही. अंगद अंगणातून धूम पळत आला, धापा टाकत, लालबुंद, गुडघ्याला माती, आणि हात वर करून माझ्यापुढे उभा राहिला.

मी त्याला जवळ घेतलं. उचललं मात्र नाही.